बिराजदारकाकांचं नाक

बिअरचा ग्लास हातात आला की बिराजदारकाका आधी तो रिकामाच हुंगायचे. एकदा डाव्या नाकपुडीनं, एकदा उजव्या. मग उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "हं, ओता." ग्लासाला फडक्याचा वास असला की तो गेलाच परत. माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी धुतलेले सहाच्या सहा ग्लास त्यांनी परत पाठवले आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पदवीधर बाई मी, आणि हा सातवी पास माणूस मला ग्लास धुवायला शिकवतो म्हणजे काय! आता वीसेक वर्षं झाली त्याला. हल्ली मीही नव्या पोरींचे ग्लास परत पाठवते. त्याही कुठेतरी जाऊन रडत असतील. रडोत बापड्या, शिकतील.

आमचा कारखाना चाकणचा. फाट्यावरून आत वळलं की गाड्यांच्या सुट्या भागांची शेडं लागतात, त्यांच्या रांगेत मागच्या बाजूला आम्ही बिअर करतो. घरी मी 'पेयांची कंपनी' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे सासूबाई कित्येक वर्षं शेजारणींना "आमची सून सरबताच्या कंपनीत आहे" असं कौतुकानं सांगायच्या. मीही कधी दुरुस्ती केली नाही. कोण समजावत बसणार!

तर या सरबताच्या कंपनीत रोज सकाळी अकराला चाखणी असते. टाकीतली बिअर बाटलीत भरायच्या आधी आम्ही पाच जण एका खोलीत बसून तिचा वास घेतो, घोटभर तोंडात फिरवतो आणि कागदावर लिहितो, 'पास' किंवा 'थांबवा'. कागदोपत्री पाचही मतं सारखी. प्रत्यक्षात बाकीचे चौघे काकांच्या पेनाकडे बघत बसायचे.

काका उदगीरकडचे. आले होते बाटल्या धुण्याच्या कामावर. एका सकाळी त्यांनी त्या वेळच्या साहेबांना थांबवून सांगितलं, "साहेब, पाण्याला आज मातीचा वास येऊलालाय." साहेब हसले. संध्याकाळपर्यंत पाण्याचा फिल्टर फुटलेला सापडला आणि काका लॅबमध्ये आले ते कायमचे. नाक म्हणाल तर दिसायला अगदी बेताचं, जरासं बसकंच. पण त्या नाकासाठी माणूस संन्याशासारखा जगायचा. तंबाखू नाही, केसाला तेल नाही, अंगाला साबण नाही, डाळीच्या पिठानं अंघोळ. सकाळच्या न्याहारीला कांदा नाही की लसूण नाही. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझं लगीन माणसाशी न्हाई झालं ओ, नाकाशी झालंय." स्वतः प्यायचे का? प्यायचे की! तळवड्याला त्यांचं घर, तिथल्या गच्चीवर रविवारी दुपारी एक बाटली, काकूंनी भाजलेल्या शेंगा आणि बाकी काही नाही. दुसरी बाटली त्यांनी कधी उघडली नाही.

"बिअर अर्धी ग्लासात असतीय ताई," ते म्हणायचे, "आन् अर्धी खोलीत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढे पुढे मला त्याचा वैताग यायचा. चाखणीच्या खोलीत त्यांचे कायदे होते. गजरा घालून यायचं नाही. सेंट मारून यायचं नाही. कुणी डब्यात केळं आणलं तर डबा बाहेर, कारण केळ्याचा वास बिअरमध्येही असतो आणि मग कुठला कुठला ते कळत नाही. पंखा बंद, गप्पा बंद. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे तोंड वाकडं करायचं नाही. "एकानं तोंड वाकडं केलं की शेजारच्यालाबी बिअर वाईट लागतीय. थोबाड कोरं ठेवा." हा कायदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा मुख्य कचेरीतून एक बडे साहेब आले. खोलीवर इतका खर्च कशाला, असा त्यांचा सूर होता. काकांनी त्यांना आधी बाटल्या भरायच्या लाइनशेजारी उभं करून एक ग्लास दिला. तिथला खणखणाट असा की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. साहेब म्हणाले, "पाणचट आहे, गोडीच नाही." मग चाखणीच्या खोलीत नेऊन दुसरा दिला. "ही बरी आहे." मग पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून तिसरा दिला. साहेबांनी सावलीत पाय पसरले, वारा घेतला आणि म्हणाले, "ही! ही बाजारात का आणत नाही तुम्ही?" काकांनी खिशातून बाटलीचं एकच बूच काढून दाखवलं. तिन्ही ग्लास एकाच बाटलीतले होते. साहेबांना हसू आलं, म्हणून आमची खोली वाचली. राग आला असता तर काकांचं काही खरं नव्हतं.

पण खोलीची महती कारखान्याला खरी कळली ती दसऱ्याला. आमच्या पट्ट्यात दसऱ्याला प्रत्येक मशिनची पूजा होते. टाक्यांना हार, फोर्कलिफ्टला हार, लॅबच्या फ्रिजलासुद्धा हार. चाखणीच्या खोलीपुरता काकांनी देवाशी करार केला होता. टेबलाच्या पायाला हळदकुंकू, नारळ बाहेर फोडायचा, फूल नाही, उदबत्ती नाही. एका वर्षी काका उदगीरला गेले होते आणि बाटली विभागातल्या लोकांना वाटलं, काकांचं टेबल बिचारं बिनपूजेचं राहिलं. त्यांनी भक्तिभावानं उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. दार लावून! दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तीन टाक्या धडाधड नापास केल्या. प्लँट ठप्प. काका परत आले, दारातच थांबले, आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "देव बसलाय आत. तो उठल्याबिगर चाखायची न्हाई." मग ग्लास घेऊन सगळे कडुनिंबाखाली गेलो. तिन्ही टाक्या पास. मॅनेजर ज्यांनी उदबत्ती लावली त्यांची नावं विचारायला लागले, तर काका म्हणाले, "भक्तीनं लावलीय, राहू द्या. खोलीला चार दिवस सुट्टी द्या."

तेव्हापासून आमच्याकडे एक अंधश्रद्धाच पडली म्हणा. काका म्हणाले खोलीत दोष आहे, की खोलीतच दोष आहे.

मग ती साथ आली. काका महिनाभर तापानं झोपून होते. परत आले ते निम्मे होऊन, पँट पट्ट्यानं आवळलेली. खोलीत आले, उभे राहिले, म्हणाले, "ताई, खोलीचा वास बदललाय. मला उमगंना झालंय काई." बदलला असणारच, रोज औषध फवारत होतो आम्ही. साहेबांनी खोली बदलून दिली. नवी खोली कँटीनच्या मागे होती. काही महिन्यांनी काका म्हणाले, "फोडणी येतीय इथं." तेही खरं वाटलं. पुन्हा बदलली. तिसरी खोली गोडाउनच्या टोकाला, एकदम कोरी. एवढ्या काळात ते माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचे. आधी कधी बसत नसत. मला वाटलं, म्हातारपण आलं, माणसाला सोबत हवी असते. माझंही तेव्हा काही धड चाललं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, निगडीहून चाकण रोजचं जाणं-येणं, ट्रॅफिकमध्ये आयुष्य चाललेलं. मी कुणाकडे नीट बघतच नव्हते.

तिसऱ्या खोलीत पार्टिशनं हवीत, हा हट्ट माझा. मोठ्या कारखान्यांत चाखणाऱ्यांच्या मध्ये फळ्या असतात, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. काका पहिल्यांदाच माझ्याशी भांडले. "माणसामाणसांत भिंती कशाला घालता ताई?" मी म्हटलं, "तुमचाच कायदा आहे ना काका? शेजाऱ्याला तोंड दिसू नये?" मी जिंकले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

फळ्या बसल्या आणि पंधरा दिवसांत चार नंबरच्या टाकीचा प्रसंग घडला. टाक्यांवर शफीकभाई होता. बारा वर्षांपासून ठेकेदाराचा माणूस, टाकीला हात लावून आत काय चाललंय ते सांगणारा. बिअर टाकीत पुरेशी मुरली नाही तर तिला लोण्याचा वास राहतो, आणखी दोन-तीन दिवस ठेवली की तो आपोआप जातो. शफीकनं वर सांगितलं होतं, "दो दिन और रहने दो साहब, कच्ची आहे." वरून उत्तर आलं, ऑर्डर आहे, चाखणीला पाठव. शफीक म्हणाला, ठीक आहे, काका बसलेत तिथं, काका थांबवतील.

त्या दिवशी माझ्या ग्लासात मला लोणी लागलं. पुसट, पण लागलं. मी फळीवरून मान काढून काकांच्या कागदाकडे पाहिलं. तिथं 'पास' लिहिलेलं. मग मला वाटलं, माझंच नाक थकलंय, घरून निघताना सासूबाईंना तूपभात भरवून आले, तोच वास हाताला असेल. मी 'पास' लिहिलं. बाकीच्या तिघांनीही लिहिलं. वीस वर्षं नाकाचं काम करून मी स्वतःच्या नाकापेक्षा दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवला. कप्पाळ माझं.

माल बाजारात गेला आणि परत आला. लोकांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. प्लँट मॅनेजरांनी शफीकला बोलावून सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा. ठेकेदाराचा माणूस घरी बसला की परत येत नाही, हे आमच्या पट्ट्यात शेंबड्या पोराला माहीत असतं. शफीक लॅबच्या दारात आला. आत आला नाही. "मॅडम, मी बोललो होतो ना, कच्ची आहे म्हणून? कुणीतरी एवढं तरी सांगा. टाकीवाला खोटारडा म्हणून मला दुसरीकडे पण कोणी घेणार नाही." मी म्हटलं, बघते. आपण सगळे असंच म्हणतो, बघते.

मी काकांकडे गेले. ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, "दुकानदारांनी उन्हात ठेवल्या असतील ताई. उन्हानं होतंय तसं. जागेचा दोष."

मी चमकलेच. अहो, उन्हाचा वास वेगळा! हिरव्या बाटलीला ऊन लागलं की तिला कोंडून ठेवलेल्या बोक्यासारखा वास मारतो. लोणी नाही, लोणी उन्हानं जन्मात येत नाही. हे मला कुणी शिकवलं? याच माणसानं, याच लॅबच्या खिडकीत बाटली ठेवून, माझ्या पहिल्या उन्हाळ्यात. काका हे विसरतील? काका स्वतःचं नाव विसरतील एक वेळ.

दुसऱ्या दिवशी मी एक नीच काम केलं. माझ्या पर्समध्ये दातदुखीसाठी लवंगेचं तेल असायचं. त्याचं बोट मी एका ग्लासाला आतून फिरवलं. मला टेबलापलीकडून वास येत होता. काकांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी हुंगला, डाव्या नाकपुडीनं, मग उजव्या. उजेडाकडे धरला.

"हं, ओता."

माझा हात बाटलीवर तसाच राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाला माझं तोंड वाचता येत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, स्वतः खुर्चीवर बसले.

"काय लावलंय?"

"लवंग."

"लवंग," ते म्हणाले. परत एकदा ग्लास नाकाशी नेला, उगाचच. "तापात गेला ताई. वाटलं, येईल. सगळ्यांचा परत आला म्हणं. माझा न्हाई आला. काकू भाजी करपवतीय आन् मी शेजारी बसून पेपर वाचतोय, असं झालंय."

"मग इतके दिवस कसं?"

"तुमच्या भिवया," काका म्हणाले. "तुम्ही थोबाड कोरं ठेवताव, पण डावी भिवई हालतीय तुमची. लोण्याला वर जातीय, शिळ्या बिअरचा पुठ्ठ्यावानी वास आला की खाली येतीय, उन्हाच्या वासाला नुसती थरथरतीय. बरी असली की हालतच न्हाई. समोर बसून लिहायचो. मग तुम्ही फळ्या घातल्याव."

मला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. खूप राग आला. खोल्या बदलत फिरवलं आम्हाला, कँटीनच्या बायकांना फोडणीवरून बोलणी खायला लावली, आणि तिकडे शफीक घरी बसलेला! हे मी त्यांना बोलून दाखवलं. नको तेवढं बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला ग्लास धुवायला परत पाठवतील, याची भीती वाटली न्हाई ताई. धुतले असते. पण सगळे म्हणतेत बिराजदारचं नाक, बिराजदारचं नाक. ते गेल्यावर मागं काय राहतंय, ते मला बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही." खरंच नसतं सांगितलं. माझ्यात तेवढीही धमक नव्हती.

चौकशीच्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्ही पाचही जण उभे होतो, शफीक दाराशी. साहेब त्याला विचारत होते, टाकी कच्ची होती तर लेखी का दिलं नाहीस. तो म्हणत होता, "साहेब, तोंडी सांगितलं होतं." तेवढ्यात काका पुढे झाले.

"त्याला का विचारलालाव साहेब? टाकी चुकतीयच कदी ना कदी. म्हणून तर नाक ठेवलंय तुम्ही. चार नंबर मी पास केली. मला वास येत न्हाई. दीड वर्ष झालं, कशाचाच येत न्हाई."

साहेबांना आधी ते खरं वाटेना. म्हणाले, "काका, दुसऱ्या कुणाला वाचवायला तुम्ही..." काकांनी टेबलावरची त्यांची कॉफी उचलली, हुंगली, आणि म्हणाले, "ह्यात काय हाय, चहा का कॉफी? मला सांगता येणार न्हाई." मग मीही तोंड उघडलं. म्हटलं, मलाही लोणी लागलं होतं, मी काकांचा कागद बघून लिहिलं. उशिरा बोलले, पण बोलले.

शफीक सोमवारी कामावर आला. काकांना नियमानं निरोप दिला, शाल, नारळ, आणि पुष्पगुच्छ. निशिगंधाचा! काकांनी तो नाकाशी नेला आणि फोटोपुरते हसले. फळ्या मी काढून टाकल्या नाहीत. त्या बरोबरच आहेत. पण समोरची खुर्ची रिकामी दिसायची आणि काही महिने मला प्रत्येक टाकी पास करताना धाकधूक व्हायची.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या चैत्रात. एका रविवारी शफीकनं माझ्या हाती एक हिरवी बाटली दिली. "काकांना द्या मॅडम. चार नंबरची आहे. बोला की पूरी मुरू दिली." मी ती जाळीच्या पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि निघाले. तळवड्याच्या चौकात कंटेनर आडवा झालेला, तासभर उन्हात उभी. घामाघूम होऊन गच्चीवर पोचले, तर काका सतरंजीवर बसलेले, काकूंनी शेंगा भाजून ठेवलेल्या. काकूंनी बाटली पाण्यात गार केली. काकांनी रिकामा ग्लास हुंगला, डावीकडून, उजवीकडून.

"आसपास काय काय वास हाय, सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. खाली वर्कशॉपमधलं कटिंग ऑइल, कुणाच्या तरी घरात सुकटीची भाजी, मागच्या गल्लीत मोहोर आलेला कडुनिंब, तुमच्या शेंगांचा करपट वास.

"मग आज जरा कडूच लागंल," काका म्हणाले. "तुम्ही घ्या आधी. चव सांगू नका. नुसतं प्या."

मी ग्लास तोंडाजवळ नेला. बोका. तासभराच्या उन्हानं शफीकची मुरवलेली बिअर मी वाटेत नासवून आणली होती. वीस वर्षं लॅबमध्ये घालवलेली बाई हिरवी बाटली जाळीतून आणते! काका समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, एकटक. मी ठरवलं, काही झालं तरी कळू द्यायचं नाही. मोठा घोट घेतला, थोबाड कोरं ठेवलं, वर हसलेसुद्धा. भिवई मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवली होती, तरी ती जराशी थरथरलीच असणार.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जसा मी त्या तापानंतर कधी पाहिला नव्हता.

"उन्हातनं आणली का ताई?"

मी होकारार्थी मान हलवली. काकांनी माझ्या हातातून ग्लास घेतला, शफीकच्या नावानं जरा वर धरला आणि निवांत, घोटाघोटानं सगळा संपवला.